छात्रालयाचे दैनिक आणि झुमकावाली पोर

11 जून ही साने गुरुजींची पुण्यतिथी. खानदेशातल्या शाळांची घंटाही याच सुमारास वाजते. यंदा प्रतिमेला हार घालताना शिक्षकांनी गुरुजींचे अमळनेरचे एक काम जरूर आठवावे. प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने रोज एक दैनिक लिहून काढत. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. मिसरूड फुटण्याच्या वयाला पाठ्यपुस्तक पुरत नाही. उरलेली भूक कुठेतरी भागवली जातेच.

आज ती मोबाइलवर भागते. साक्री, पारोळा, चाळीसगाव, कुठल्याही वरातीत ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणे लागू द्या. आठवी-नववीची पोरे डीजेच्याही वरताण आवाजात ते गाणे म्हणतात. आम्हाला याचा मनापासून आनंद आहे. चारचौघांत अहिराणी बोललो तर गावंढळ ठरू, या धास्तीत ज्यांच्या आईबापांनी उमेदीची वर्षे काढली, ती मुले तीच बोली मिरवत आहेत. हे बळ त्यांना यूट्यूबवरच्या खानदेशी कलाकारांनी दिले. शाळेला ते आजवर जमलेले नाही.

मात्र मुलीशी कसे वागायचे, हेही 14 वर्षांचा मुलगा याच गाण्यांतून शिकतो. त्यांतल्या कितीतरी गाण्यांत पोरगी असते ती फक्त मागे लागण्यापुरती. तिचे स्वतःचे म्हणणे क्वचितच ऐकू येते. मग शाळेच्या वाटेवर एखादीला अशाच गाण्याच्या ओळीने हाक मारली जाते. ती मान खाली घालून झपाझप चालू लागते, आणि त्या दोघांशी याबद्दल कोणीच बोलत नाही. घरी मोबाइल हिसकावतात, शाळेत दप्तरात सापडला तर पालकांना बोलावतात. गाणे डोक्यात राहते ते राहतेच.

त्यावर बोलण्याची वाट खानदेशातच आहे. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, आईची गाणी उतरवून घेतली होती, म्हणून 1952 मध्ये त्या गाण्यांचे पुस्तक निघू शकले. तेच काम आज नववीच्या मुलांना द्या. आजीची जात्यावरची ओवी त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करावी, वहीत उतरवावी, तिच्याशेजारी यंदाचे गाजलेले अहिराणी गाणे ठेवावे. दोन्हींतली बाई काय म्हणते, यावर मुलामुलींनी वर्गात मोकळेपणाने बोलावे.

जळगाव-धुळ्याच्या मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे: वेळापत्रक लागण्यापूर्वी आठवड्याचा एक तास यासाठी राखून ठेवा, आणि त्या तासाला मोबाइल वर्गात आणू द्या.