कालयंत्र आणि इनामगावची माती

कालयंत्रात बसून इतिहासपुरुषांच्या भेटीस निघणाऱ्या श्रुतिका हल्ली पुष्कळ ऐकू येतात. कल्पनेशी आमचे वैर नाही. केवळ ध्वनीवर जगणाऱ्या या नाट्यप्रकाराचा तर तोच प्राण होय. आमचा आक्षेप आहे तो उसन्या गूढाच्या सोसास. उपलब्ध पुरावा झाकून उत्पन्न केलेले गूढ हे गूढच नव्हे. ती निव्वळ लपवाछपवी होय.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तेथे उत्खनन केले, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तेथील पुष्कळ प्रौढ मृतांचे पाय पुरण्यापूर्वी तोडलेले आढळले. मृताने वस्ती सोडून जाऊ नये म्हणून ते तोडले, असा तर्क आहे. मग चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेल्या त्या एका पुरुषाचेच पाय शाबूत का?

पुरावा येथे थांबतो. कल्पनेचा अधिकार येथूनच सुरू होतो. शिरूर-दौंडच्या मुलांना परग्रहावरील पाहुण्यांच्या आधी या रांजणातील माणसाचा आवाज ऐकवावा. त्याने काय बोलावे हे लेखकाने खुशाल ठरवावे. मात्र १९८८ साली प्रसिद्ध झालेला उत्खननाचा वृत्तान्त वाचल्यावर ठरवावे, एवढेच आमचे मागणे.