दुसरी किल्ली कोणाच्या हाती?

बारामती व इंदापूर तालुक्यांतील पुष्कळ घरांत आजही चांगला मोबाईल एकच असतो, आणि तो बहुधा वडिलांच्या खिशात असतो. वडील कामानिमित्त पुण्यास गेले की तोही त्यांच्याबरोबर जातो. इकडे मुलगी शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करू लागते, तो आधारशी जोडलेल्या क्रमांकावर जाणारा ओटीपी तिकडे पोचतो. त्याचे आयुष्य काही मिनिटांचे. निरोप येईपर्यंत तो निरुपयोगी झालेला असतो.

म्हणून ही दुहेरी पडताळणीच नको, असे कोणी म्हणेल, तर ते योग्य नव्हे. पासवर्ड चोरीस जाऊ शकतो. यास्तव मनात ठेवलेला शब्द आणि हाताशी असलेली वस्तू अशा दोन खुणा मागणे शहाणपणाचे आहे. रिझर्व्ह बँकेने कार्डावरील ऑनलाईन व्यवहारांस अशी जादा पडताळणी ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली, ती ह्याच हेतूने. दोष कुलुपाचा नाही. दुसरी किल्ली कोणाच्या हाती राहील ह्याचा विचार आपण करीत नाही, हा खरा दोष होय.

त्याचे परिणाम सप्टेंबर २०२५ नंतर सर्वांनी पाहिले. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत स्त्रीच्या आधारबरोबरच पतीच्या किंवा पित्याच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. ज्यांचे पती व पिता दोघेही हयात नव्हते, त्या भगिनींसाठी शासनास पुढे निराळी सोय करावी लागली.

आपल्या विद्यार्थ्यांची खाती पाहिली असता दोन वाईट चाली आढळतात. पहिली ही की, खाते उघडताना दुकानदाराचा, किंवा दयाबुद्धीने पुढे केलेला शिक्षकांचा क्रमांक घातला जातो. त्यायोगे वेळ भागते. पण खाते परक्याच्या स्वाधीन होते. दुसरी ही की, जुना क्रमांक सोडला वा मोबाईल विकला, तरी खात्यातील नोंद तशीच राहते. बंद पडलेला प्रीपेड क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास मिळू शकतो, हे किती जणांस ठाऊक आहे?

उपाय कठीण नाहीत. गूगलच्या खात्यात आपली कोणकोणती उपकरणे जोडली आहेत, त्याची यादी दिसते. ती दर सहामाहीस पाहावी. मोबाईल बदलताना नवा आधी जोडून पारखावा, मग जुना काढावा; हा क्रम उलटला की स्वतःच्याच दाराबाहेर राहण्याची पाळी येते. त्याच खात्यात ८ अंकी १० राखीव संकेत मिळतात; प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरून घरच्या पेटीत ठेवावेत. मोबाईल एकच असलेल्या घरासही हा कागद परवडतो.

आधारच्या बाबतीत मात्र हा कागद चालत नाही. तेथे मुलांच्या आधारशी घरी राहणाऱ्या आईचा क्रमांक जोडून घेणे इष्ट. आईचा साधा फोनही ओटीपी घेण्यास पुरेसा आहे.

माझे स्पष्ट मत असे की, दहावीचा वर्ग शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक शाळेने एक तास ह्या कामास द्यावा, आणि शिक्षकांनी आपला क्रमांक विद्यार्थ्यांच्या खात्यातून काढून घ्यावा. अभ्यासक्रमात हे नाही, असा आक्षेप येईल. परंतु अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सर्व राज्यात ऑनलाईन झाला आहे. ज्या दारातून विद्यार्थ्यास जावयाचे, त्याची किल्ली त्यास न देता प्रमाणपत्र तेवढे हाती देणे हे अर्धवट शिक्षण होय.

दहा कुमारींच्या दाखल्यातील पाच शहाण्या निघाल्या, कारण जास्तीचे तेल त्यांनी अगोदरच बरोबर घेतले होते. मध्यरात्री ते उसने मिळत नाही. मुलांनो, मुदतीच्या शेवटच्या दिवशी किल्लीही उसनी मिळत नाही. ती आजच आपल्या हाती करून घ्या.