शेवटून पहिले! मग पुढे काय?

मित्रांनो, कॉलेजच्या मासिकात फोटो येतात ते जिंकलेल्यांचे. गॅदरिंगचं बक्षीस, क्विझचा कप, झोनलला निवड झालेला एखादा भाग्यवान. हरलेल्यांसाठी पान ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणून म्हटलं, यावेळी एक पान हरलेल्यांच्या नावानं लिहून टाकू. आणि हरणं तरी कसलं? जे मैदानावर झालंच नाही असं!

हॅट्रिक नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. 1997 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाला आणि अजूनही चालू आहे. यात बटणं दाबून खेळाडू पळवायचे नसतात. तुम्ही असता मॅनेजर. खेळाडू घेणं-विकणं, स्टेडियम वाढवणं, सराव कशाचा घ्यायचा, कोणाला उतरवायचं, हे सगळं तुमच्या डोक्यानं. मॅच मात्र कॉम्प्युटर खेळवतो. एका लीगमध्ये आठ संघ. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे 14 मॅचेस, आठवड्याला एक. पूर्ण हंगाम 16 आठवड्यांचा, म्हणजे जवळपास आपलं एक सेमिस्टरच समजा. वर आलात तर वरच्या डिव्हिजनचं दार उघडतं, तळाला गेलात तर खालच्या डिव्हिजनमध्ये रवानगी.

आता हिवरा आश्रम म्हणजे काही पुणे-मुंबई नव्हे. मेहकर-चिखली रस्त्यावरचं आपलं गाव. इथे संध्याकाळी मॉल नाही की मल्टिप्लेक्स नाही. त्यामुळे आमच्या विंगमधल्या एका मित्राचा हॅट्रिकचा संघ हा हळूहळू सगळ्या विंगचाच संघ झाला. लॉगिन त्याचं, सल्ले आमचे! मागच्या हंगामात संघ वरच्या डिव्हिजनमध्ये चढला तेव्हा तर चक्क चहा-पोह्यांची पार्टी झाली. आणि या हंगामात? 14 मॅचेस, 3 विजय, 11 पराभव, बरोबरी एकही नाही. आठात आठवा. शेवटून पहिला!

त्या रात्री विंगमध्ये जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलं ते असं : "बंद कर बे हे सगळं. डिलीट मार अकाउंट."

माझा मुद्दा या वाक्याबद्दल आहे. हरण्याबद्दल तक्रार नाही. आठ संघांच्या लीगमध्ये कोणीतरी आठवा येणारच, ते गणितच आहे. पण हरल्याबरोबर दुकान बंद करायचं, ही जी आपली सवय आहे ना, ती मला घातक वाटते. आणि ती फक्त कॉम्प्युटरच्या खेळापुरती नाही.

आधी त्या हंगामाकडेच नीट बघू. आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, रडण्याआधी आकडेमोड तरी करावी. समजा आठही संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि बरोबरी होतच नाही. म्हणजे प्रत्येक मॅच एक नाणेफेक. नाणं 14 वेळा उडवलं तर छापा 3 किंवा त्याहून कमी वेळा पडण्याची शक्यता किती? एम-थ्रीमधलं बायनॉमियल आठवा. उत्तर येतं 16384 पैकी 470, म्हणजे 3 टक्क्यांनाही थोडं कमी. तेव्हा "नशीबच खराब होतं" असं म्हणून सुटका नाही. संघ खरंच थोडा कमी पडला.

पण किती कमी? समजा या संघाची प्रत्येक मॅच जिंकण्याची शक्यता 50 ऐवजी 40 टक्के होती. अशा संघाला सरासरी पाच-सहा विजय मिळायला हवेत. तरीही तो 3 किंवा कमी विजयांवर अडकण्याची शक्यता साधारण 12 टक्के येते. म्हणजे आठ हंगामांत एखादा हंगाम असा जाणारच! तर निष्कर्ष काय? संघ कमकुवत होता हे खरं, पण पॉइंट टेबल सांगतं तेवढा भिकार असेलच असं नाही. टेबल खोटं बोलत नाही, पण ते थोडं ओरडून बोलतं.

दुसरी गोष्ट कारणांची. हॅट्रिकमध्ये गोल करायच्या संधी कोणाला जास्त मिळणार हे मुख्यतः मिडफिल्ड ठरवतं. मिळालेल्या संधीचं सोनं होतं की माती, हे तुमचा अटॅक आणि समोरच्याचा डिफेन्स यांच्या तुलनेवर ठरतं. मित्राच्या संघात फॉरवर्ड चांगले होते, मिडफिल्ड खालच्या डिव्हिजनचंच राहिलं होतं. वरच्या डिव्हिजनमध्ये चेंडूच मिळेना, तर फॉरवर्डनी काय नुसती शिट्टी वाजवायची? त्यात दर आठवड्याला विंगच्या दबावाखाली फॉर्मेशन बदललं गेलं. या खेळात फॉर्मेशनचाही अनुभव मोजला जातो. सवय नसलेल्या रचनेत संघ गोंधळतो आणि खेळ आणखी बिघडतो. सरावाचं फळ तर आठवड्यांमागून आठवडे थांबल्याशिवाय दिसतच नाही. तीन मॅच हरल्या की सगळं बदला, हा आपला आवडता उपाय इथे विषासारखा ठरतो.

म्हणजे बघा, कारणं सापडतात, दुरुस्ती करता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुरुस्ती करायला जागा मिळते. हॅट्रिकमध्ये आठवा आलेला संघ नाहीसा होत नाही, तो एक पायरी खाली जातो. तिथे त्याच्या तोडीचे संघ भेटतात. पुन्हा 14 मॅचेस, पुन्हा सुरुवात. ही खालची पायरी म्हणजे शिक्षा वाटते, पण खरं तर तीच सगळ्यात मोठी सोय आहे.

कोणी म्हणेल, खेळण्यातल्या फुटबॉलवरून काय तत्त्वज्ञान सांगतो? ठीक आहे, खऱ्या फुटबॉलकडे येऊ. आपल्याच महाराष्ट्राकडे.

मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. 2010 मध्ये तो संघ बंद झाला. पुण्यात 2014 मध्ये भारत एफसी स्थापन झाला, आय-लीगमध्ये एकच हंगाम खेळला, 2015 मध्ये 11 संघांत अकरावा आला आणि विषय संपला. एका हंगामाचं आयुष्य! 2007 पासून चाललेला मुंबई एफसी 2017 मध्ये तळाला गेला, लीगमधून खाली ढकलला गेला, आणि खालच्या डिव्हिजनमध्ये उभा राहण्याऐवजी दिसेनासाच झाला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटीसुद्धा 2014 ते 2019 एवढाच. त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली, आणि त्याच हैदराबादनं 2021-22 ची आयएसएल जिंकली!

हे सगळे संघ केवळ हरले म्हणून बंद झाले असं कोणी म्हणणार नाही. महिंद्रा तर चॅम्पियन होऊन गेलेला संघ. पैशांचा प्रश्न होता, लीगची रचना सारखी बदलत होती, मालकांची गणितं वेगळी होती. पण परिणाम एकच. वाईट हंगामानंतर खाली जाऊन परत वर येण्याची गोष्ट आपल्या राज्यातल्या पोरांना बघायलाच मिळाली नाही. मिळाली ती बंद दाराची गोष्ट. त्या संघाच्या मागे उभा राहणारा पोरगा दुसऱ्या वर्षी कोणाची जर्सी घालणार?

आता शेजारी गोव्यात बघा. धेंपो क्लब पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला. 2015 मध्ये त्याचा हंगाम इतका वाईट गेला की तो खालच्या डिव्हिजनला गेला. खरं तर तळाला भारत एफसी होता, पण नव्या संघाला खाली न पाठवण्याची सवलत होती, म्हणून दहावा आलेला धेंपो गेला. पाच वेळच्या चॅम्पियनला केवढी ही नामुष्की! पण धेंपोनं दुकान बंद केलं नाही. 2016 मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकली. त्याच वर्षी लीगच्या नव्या रचनेविरुद्ध गोव्याच्या आणखी दोन क्लबांबरोबर तो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला, पण गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला. आणि 2024 मध्ये खालून खेळत पुन्हा आय-लीगमध्ये आला. नऊ वर्षं! खाली जाऊन नऊ वर्षांनी वर येता येतं, पण त्यासाठी क्लब जिवंत असावा लागतो. भारत एफसी आणि धेंपो, दोघांचा 2015 चा हंगाम वाईटच होता. फरक पडला तो हंगामानंतर.

हंगाम हा शब्द आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. आपल्यापैकी निम्म्याहून जास्त जणांच्या घरी तो सोयाबीन नि तुरीचा असतो. पाऊस दगा देतो, भाव पडतो, हंगाम हातचा जातो. मृग आला की बाप पुन्हा तिफण काढतो. वावर तेच, बियाणं बदलतो, एखाद्या वेळी पीक बदलतो. त्या हरण्याची किंमत मात्र खरी असते. सावकाराला, बँकेला, पोराच्या फीला ती भोवते. म्हणून त्याची हॅट्रिकशी बरोबरी करायचा आगाऊपणा मी करणार नाही. पण एक विचार येतो. ज्या घरांत हरण्याची किंमत एवढी मोठी आहे, त्या घरांतल्या पोरांना हरून परत उभं राहण्याची सवय कुठे लागणार? जिथे हरल्यावर काही बिघडत नाही, अशाच ठिकाणी लागणार ना! खेळ ही त्यासाठी जगातली सगळ्यात स्वस्त जागा आहे. 11 मॅच हरल्या, कोणाच्या घरचं काय गेलं? काही नाही. मग ती सवय तिथेच करून घ्यायला काय हरकत आहे?

कारण पुढची परीक्षा फुकटची नसते. सेमिस्टरला दोन-तीन बॅक लागले की हॉस्टेलवर काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. पोरगा मेसला उशिरा यायला लागतो. घरचा फोन उचलत नाही. वर्षाचं डिटेन्शन आलं तर बॅग भरून सरळ गावी, परत दिसतच नाही. त्याच्याही डोक्यात तेच वाक्य फिरत असतं : बंद कर हे सगळं. खरं बघितलं तर एटीकेटी म्हणजे काय? खालची पायरीच की! खेळ संपलेला नाही, चार विषय घेऊन पुन्हा खेळा, असं सांगणारी सोय. पण आपण तिच्याकडे कपाळावरच्या शिक्क्यासारखं बघतो. आणि जो मित्र अशा वेळी "सोड बे" म्हणतो, तो मित्र नव्हे. "कुठल्या विषयात मिडफिल्ड कमी पडलं ते बघू" म्हणतो, तो खरा.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. मोबाइलवर मॅनेजर होऊन अंगाला घाम येत नाही. ज्यांच्या नावानं आपल्या गावातला आश्रम उभा आहे, त्या स्वामी विवेकानंदांनी 1897 मध्ये मद्रासच्या भाषणात तरुणांना फुटबॉलची महती सांगितली होती, ती काही खुर्चीत बसून खेळायच्या फुटबॉलची नव्हती! म्हणून हॅट्रिकमधून जे घ्यायचं ते मैदानावर आणू या.

माझी सूचना अगदी साधी आहे. कॉलेजात कुठलीही स्पर्धा घेतली की आपण नॉक-आउट घेतो. आठ संघ, सात मॅचेस, खेळ खल्लास. त्यात पहिल्याच दिवशी चार संघ एकेक मॅच खेळून घरी जातात. वर्षभर वाट बघायची आणि खेळायचं चाळीस मिनिटं! त्याऐवजी चार-चार संघांचे दोन गट करा, "अ" आणि "ब". गटात प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. एका गटात सहा, दोन्ही मिळून 12 मॅचेस. म्हणजे फक्त पाच मॅचेस जास्त, पण प्रत्येक संघाला तीन मॅचेसची हमी. "अ" गटातला शेवटचा पुढच्या सेमिस्टरला "ब" गटात जाईल, "ब" मधला पहिला "अ" मध्ये येईल. ग्राउंड आहे, दोन बॉल लागतील, शिट्टी लागेल. बजेटचं कारण चालणार नाही.

याचा फायदा असा की हरलेल्याला लगेच पुढच्या सेमिस्टरचं काम मिळेल. शेवटची मॅचसुद्धा जीव तोडून खेळली जाईल, कारण वर राहायचं असेल. आणि "ब" गटातला पहिला नंबर हासुद्धा पहिला नंबरच असेल, त्याचाही फोटो पुढच्या अंकात छापता येईल!

मित्राच्या संघाचं म्हणाल तर त्यानं अकाउंट डिलीट केलेलं नाही. खालच्या डिव्हिजनचं वेळापत्रक लागलं आहे, सराव मिडफिल्डचा सुरू आहे आणि विंगला ताकीद आहे की पाच आठवडे कोणी फॉर्मेशनबद्दल तोंड उघडायचं नाही. वर येईल की नाही, कोण जाणे. पण टेबलमध्ये त्याचं नाव आहे.

तेव्हा मित्रांनो, शेवटून पहिले या, हरकत नाही. फक्त पुढच्या हंगामाच्या यादीतून स्वतःच्या हातानं आपलं नाव खोडू नका. बघा, पटतंय का!