लुंबिनीच्या दारात दोन सरकारे

सुनौलीची हद्द ओलांडली की भैरहवा लागते आणि तिथून पुढे लुंबिनी. तथागतांचे जन्मस्थळ. सम्राट अशोकाचा स्तंभ आजही तिथे उभा आहे. आपल्या वस्त्यांतून यात्रेच्या बसगाड्या सारनाथ, कुशीनगर करून तिथे जातात. पै-पै साठवून गेलेली माणसे डोळे भरून पाहतात. पण त्याच भूमीवर दोन बलाढ्य सरकारांचाही डोळा आहे.

१६ मे २०२२, वैशाख पौर्णिमा. त्या दिवशी नेपाळच्या पंतप्रधानांनी भैरहव्याच्या गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन केले. बांधकामाचा ठेका चिनी कंपनीकडे होता. त्याच दिवशी भारताचे पंतप्रधान लुंबिनीस आले, पण नव्या विमानतळावर उतरले नाहीत. कुशीनगरहून हेलिकॉप्टरने थेट लुंबिनीत उतरले. तिथे त्यांनी भारताच्या बौद्ध केंद्राची कोनशिला बसवली. चीनचे विहार तिथे अगोदरपासून आहेच. पौर्णिमा एक, वंदना एक, वाटा मात्र वेगळ्या!

पवित्र अस्थींचेही तेच. भारताने २०२२ च्या जूनमध्ये त्या मंगोलियाला दर्शनासाठी पाठवल्या, २०२४ च्या फेब्रुवारीत थायलंडला. त्याच वर्षी डिसेंबरात चीनने बीजिंगचा दंतधातू बँकॉकला धाडला. रांगेत उभ्या राहिलेल्या थाई माउलीची श्रद्धा खरीच. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण मी पडलो कारकून. खतावणी लिहिणारा माणूस विचारणारच, हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? धम्माच्या की परराष्ट्राच्या?

बरे, परदेशी अस्थी पाठवणाऱ्या आपल्या देशात बोधगयेच्या महाविहाराचा कारभार अजून १९४९ च्या कायद्याने चालतो. समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्यासाठी २०२५ साली भिक्खूंना उपोषणाला बसावे लागले. शेजाऱ्याच्या घरी दिवा लावायचा आणि आपल्या ओसरीवर अंधार, याला काय म्हणावे?

बाबासाहेबही नेपाळला गेले होते. नोव्हेंबर १९५६, काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद. प्रकृती पार खालावलेली, तरी गेले आणि बुद्ध व कार्ल मार्क्स यांच्यावर बोलले. कोण्या सरकारचे दूत म्हणून ते गेले नव्हते.

येत्या वैशाखात जे लुंबिनीला जातील त्यांनी मायादेवी मंदिरात शांत बसावे. बाहेर आल्यावर कोणते विहार कोणत्या देशाने बांधले, तेही मुलांना दाखवावे. मुले प्रश्न विचारतील. विचारू द्यावेत.