छप्पर आणि वकीलपत्र

लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात, धनिकांच्या वस्तीला लागून, अमेरिकन सरकारच्या माजी सैनिक खात्याची ३८८ एकर जमीन आहे. तिचा मोठा हिस्सा १८८८ साली आर्केडिया बँडिनी डी बेकर आणि सिनेटर जॉन जोन्स यांनी अपंग सैनिकांच्या कायमच्या निवासासाठी दान दिला. हजारो सैनिक तेथे राहून गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र निवास बंद पडत गेला, इमारती ओस पडल्या आणि जमीन भाडेपट्ट्याने इतरांच्या हाती जाऊ लागली. एका विद्यापीठाचे बेसबॉलचे मैदान तेथे झाले, एका खाजगी शाळेचे क्रीडासंकुल झाले, तेलविहिरीही खोदल्या गेल्या. ज्यांच्यासाठी दान दिले गेले ते सैनिक कुंपणाबाहेरच्या पदपथावर तंबू ठोकून राहिले.

२०११ साली काही बेघर माजी सैनिकांच्या वतीने विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांनी दावा लावला. २०१३ मध्ये न्यायालयाने भाडेपट्टे बेकायदा ठरवले. २०१५ मध्ये तडजोड झाली. पुढच्या आराखड्यात १,२०० घरांचे आश्वासन मिळाले. घरे रेंगाळली म्हणून २०२२ साली पुन्हा दावा. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती डेव्हिड कार्टर यांनी १,८०० कायमची आणि ७५० तात्पुरती घरे बांधण्याचा आदेश दिला. सरकारने त्याविरुद्ध अपील केले. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी याच जागेवर ६,००० बेघर सैनिकांची सोय करण्याची घोषणा केली, तरी ते अपील चालूच राहिले.

सैनिकाच्या गौरवात अमेरिका कधी कंजुषी करीत नाही. सुटीचा दिवस, ध्वज, स्मारके, भाषणे, सारे यथास्थित असते. दान मिळालेल्या जमिनीवर त्याला पाय ठेवता यावा म्हणून मात्र त्याच्या बाजूने कोणीतरी वकीलपत्र घ्यावे लागले, तेही फुकट.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१० च्या गणनेत एका रात्री सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर आढळले होते. जानेवारी २०२४ मध्ये ती संख्या ३२,८८२ होती. घरभाड्याच्या साहाय्यासाठी पैसा ओतला की बेघरपणा घटतो, हे त्यावरून सिद्ध होते. प्रश्न आहे तो कागदांत अडकलेल्यांचा.

सॅन डिएगो येथे १९८८ साली बेघर सैनिकांचे एक शिबिर भरले. अन्न, कपडे, औषधोपचार यांची व्यवस्था होती. शिबिराच्या अखेरीस गरजा विचारल्या, तेव्हा ५०० पैकी ११६ जणांनी आपल्यावरील प्रलंबित खटले मिटवून हवेत असे सांगितले. उघड्यावर झोपणे, दंड न भरणे असल्या किरकोळ गुन्ह्यांची ती प्रकरणे होती. पण पकड वॉरंट निघाले की नोकरी मिळत नाही, वाहन-परवाना मिळत नाही, भाड्याने खोली मिळत नाही. पुढच्या वर्षी न्यायालयच शिबिरात आणले गेले, आणि बेघरांसाठीच्या त्या न्यायालयाचे अनुकरण इतर शहरांनी केले.

याहून जड कागद म्हणजे सेवामुक्तीचा दाखला. दाखल्यावर हलका शेरा पडला की निवृत्तिवेतन, औषधोपचार यांची दारे बहुधा बंद होतात. व्हिएतनाममधून परतलेल्या कित्येकांवर दारू, गैरहजेरी, आज्ञाभंग यांसाठी तो शेरा बसला. युद्धाच्या आघाताने होणाऱ्या मनोविकाराला अमेरिकन मानसोपचारशास्त्राने अधिकृत नाव दिले ते १९८० साली, म्हणजे युद्ध संपून पाच वर्षे झाल्यावर. आजाराला नाव नव्हते तोवर तो अपराध गणला गेला. हे शेरे अधिक उदारपणे तपासावेत असा आदेश संरक्षण खात्याने दिला तो २०१४ मध्ये. त्याचा लाभ घ्यायचा तर जुनी दप्तरे मिळवणे, वैद्यकीय पुरावा जोडणे, मंडळापुढे युक्तिवाद करणे आले. पुलाखाली राहणाऱ्याने हे एकट्याने करावे अशी अपेक्षा आहे.

वकील त्याच्यापाशी पोहोचत नव्हता यात योगायोग काही नव्हता. यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, सैनिकाच्या दाव्याबद्दल वकिलाने दहा डॉलरपेक्षा अधिक मोबदला घेऊ नये असा कायदा झाला. अधिक घेणाऱ्यास सक्तमजुरीची तरतूद होती. सैनिक लुबाडला जाऊ नये हा त्यामागचा हेतू त्या काळापुरता समजण्यासारखा होता. पण सव्वाशे वर्षे डॉलरची किंमत घसरत गेली आणि मर्यादा दहाच राहिली. अणुचाचण्यांच्या किरणोत्साराने बाधित झालेल्या सैनिकांनी तिच्याविरुद्ध लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि १९८५ साली तेथे ते सहा विरुद्ध तीन मतांनी हरले. किरणोत्साराचा दावा म्हणजे शास्त्रीय पुराव्याचे अरण्य. तेथे दहा डॉलरांत वाट दाखवणारा कोण मिळणार? अखेर १९८८ च्या कायद्याने ती मर्यादा गेली आणि खात्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले.

घरातून काढण्याचे दावे ही तर रोजची गोष्ट. अमेरिकेत फौजदारी आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९६३ पासून आहे. भाडेकरूला राष्ट्रीय पातळीवर तो नाही. चोरीचा आरोप आला तर वकील, घर गेले तर नशीब. घरमालकाचा वकील असतो, भाडेकरू बहुधा एकटा असतो, पुष्कळदा हजरच नसतो, आणि निकाल एकतर्फी लागतो. तो दप्तरी नोंदला जातो आणि पुढचा घरमालक तो पाहून नकार देतो. बाजारात दोन पक्ष समान असतात हे अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतील गृहीतक या न्यायालयांत काही मिनिटेही टिकत नाही. (भारतात १९७६ साली अनुच्छेद ३९-अ आणि पुढे १९८७ चा कायदा यांनी मोफत कायदेविषयक साहाय्य दिवाणी दाव्यांनाही लागू केले. अंमल लंगडा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण तत्त्व तरी मान्य झाले.)

२०२० च्या एका कायद्याने माजी सैनिक खात्याला बेघर वा बेघर होऊ घातलेल्या सैनिकांच्या कायदेविषयक साहाय्यासाठी अनुदाने देण्याची मुभा मिळाली. त्यातील किमान दहा टक्के निधी महिला सैनिकांसाठी राखला आहे, हे स्वागतार्ह होय. परंतु अनुदान मिळते संस्थेला, आणि तेही अर्ज करून. ज्या गावात अशी संस्था नाही तेथील सैनिकाने काय करावे, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

सैनिकालाच हे का, गिरणीतून काढलेल्या कामगाराला का नाही, असा आक्षेप समाजवाद्यांनी घ्यावा हे योग्यच आहे. न्यूयॉर्क शहराने २०१७ साली बेताच्या उत्पन्नाच्या भाडेकरूंना घर खाली करण्याच्या दाव्यात वकील देण्याचा कायदा केला. सैनिक वा कामगार असा भेद त्यात नाही. तोच हक्क राष्ट्रीय पातळीवर आणण्यास अमेरिकन संसदेने सैनिकापासून सुरुवात करावी. त्याच्याविरुद्धच्या दाव्यात तरी, त्याच्या बाजूने वकील उभा राहिल्यावाचून सुनावणी होऊ नये.