मची आई

आमच्या घरात वर्षं मोजायची एक जुनी पद्धत होती. "जय संतोषी माँ आला त्या वर्षी विहीर खोदली", "टीव्हीवर रामायण लागायचं तेव्हा ताईचं लग्न झालं". आई असंच बोलायची. मी मास्तर माणूस, पोरांकडून सनावळ्या पाठ करून घेण्यात हयात गेली, त्यामुळे या हिशेबाला हसायचो. पण 1975 आणि 1987 ही सालं तिची कधी चुकली नाहीत. माझ्या कपाटातल्या फोटोंवर मात्र एकाही ठिकाणी तारीख नाही!

परवा नातवाने आमचा एक जुना फोटो मोबाइलवर रंगवला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच सगळ्यांचे अंगठे आणि जोडलेले हात आले. मूळ फोटो तळहाताएवढा आहे, करवती कडेचा. आई, काकू, पाच-सहा वर्षांचं एक पोर चड्डी सावरत उभं, आणि टोकाला आत्या, तिच्या कडेवर एक बाळ. त्या रंगाऱ्याने आत्याला जांभळं लुगडं नेसवलं होतं. मला ते पाहून कसंतरीच झालं. आत्या सोळाव्या वर्षी विधवा झाली. आमच्या घरात तिला पांढऱ्याशिवाय काही मिळालं नाही. यंत्राला काय ठाऊक! त्याला लुगडं दिसलं, त्याने रंग दिला. नातवाला हे सांगितलं तर म्हणतो, "पण आजोबा, छान दिसते ना ती?"

दिसत होती, हे खोटं कसं म्हणू?

तरी मी मूळ फोटो काढला आणि भिंग घेऊन बसलो. आमच्या घरची कथा अशी, की 1949 साली आत्या शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अमरावतीला जायला निघाली, आबाजींनी सांगितलं की गेलीस तर या घराचा उंबरठा चढायचा नाही, आणि ती खरंच पुन्हा चढली नाही. हा फोटो ती जाण्याच्या आधीचा, कडेवरचं बाळ म्हणजे आमचा दादा (जन्म 1948), आणि चड्डीवालं पोर काकूच्या माहेरचं कुणी. साठ-पासष्ट वर्षं आम्ही हेच ऐकत आलो.

भिंगातून मागचा कापडी फलक दिसला. रंगवलेल्या फोटोत तो नुसता तपकिरी डाग झाला होता. मुळात मात्र त्यावर अक्षरं आहेत, पुढची काकूच्या डोक्याआड गेलेली. उरली ती "मची आई" एवढीच.

आचार्य अत्र्यांचा "श्यामची आई" 1953 चा. त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक 1954 साली मिळालं, हे तर मी वर्गात कितीदा सांगितलंय. पुस्तक 1935 चं, पण पुस्तकासाठी एवढा मोठा फलक कोण टांगतो? म्हणजे हा फोटो 1949 चा असूच शकत नाही. दादा तेव्हा पाच वर्षांचा तरी असणार, म्हणजे चड्डी सावरणारा तोच. आणि माझा जन्म 1953 चा...

आत्याच्या कडेवर मी आहे. ज्या आत्याने मला कधी पाहिलंच नाही असं मी आजवर समजत होतो, तिच्या.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. फोटोत ना आबाजी, ना बाबा. उंबरठा ती चढली नाहीच, तिने शब्द पाळला. पण बायका पोरं घेऊन सिनेमाला निघाल्या असतील, आणि ती अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत आपल्या छोट्या गाडीने, जिला आपण शकुंतला म्हणतो, यवतमाळला आली असेल. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, आणि त्या गाडीची चाल तर सगळ्यांना माहीत. एका सिनेमासाठी कुणी एवढा प्रवास करत नाही. आईने हे जन्मभर पोटात ठेवलं. बाबांना ठाऊक होतं की नाही, आता कुणाला विचारू?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जुने फोटो रंगवा, हसते करा, काय वाटेल ते करा, पण मूळ फोटो टाकून देऊ नका आणि रंगवलेल्याला खरं मानू नका. गंमत बघा, 2023 साली सुजय डहाके यांनी नवा "श्यामची आई" काढला तो मुद्दाम कृष्णधवल, आणि आम्ही घरचा कृष्णधवल फोटो रंगवत बसलो! आजकाल मालिकांमधले वाडे आणि पैठण्या बघून आमची सूनबाईसुद्धा विचारते, "आपला वाडा कुठे होता?" वाडा कसला, मातीच्या भिंती आणि ओसरीत कापसाचा ढीग. सिनेमा-मालिकांतून आपली माणसं सापडत नाहीत. कधी कधी त्यांच्या फलकावरून तारीख सापडते, तीही भिंग असेल तर.

नातवाचा जांभळ्या लुगड्यातला फोटो मी पुसायला लावला नाही. त्याची प्रत काढून मूळ फोटोशेजारी ठेवली आहे, आणि दोन्हींच्या मागे पेन्सिलीने सगळं लिहिलं आहे. (पेनची शाई पुढे उमटते, पेन्सिलच वापरा.)

दादा, तू हे वाचशीलच. कडेवरचं बाळ तू नव्हेस रे, चड्डी सावरतोय तो तू. त्या दिवसाचं काही आठवतं का? फोन कर.