हिरव्या वाटेनें फ्रान्स

मुलगा किंवा जांवई नोकरीनिमित्त फ्रान्समध्यें राहूं लागला म्हणजे दोनतीन वर्षांत केव्हां तरी वडील मंडळींस तिकडचें बोलावणें येतेंच. विमानांच्या कारखान्यांमुळें तुलूझ शहरांत तर आपल्याकडील इंजिनियरांचीं बिऱ्हाडें आहेत. मग पॅरिस पाहणें होतें, तो लोखंडी मनोरा होतो, चित्रसंग्रहालयांत पाय दुखेपर्यंत हिंडणें होतें; आणि चवथ्या दिवशीं सर्वांस प्रश्न पडतो कीं, आतां पुढें काय? अशा वेळीं घरांतील तरुण मंडळी ‘सायकलीवरून खेडीं पाहूं या’ असें सुचवितात आणि वडील माणसांच्या कपाळास आठी पडते.

ती आठी आम्ही वावगी मानीत नाहीं. पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. त्याच पुण्यांत आज नातवास सायकलीवरून शाळेंत पाठविण्याचें धैर्य किती आजोबांस होतें? भीति सायकलीची नसते, मागून येणाऱ्या मोटारीची असते. तेव्हां जेथें मोटारीस प्रवेशच नाहीं अशा वाटेनें जातां आलें, तर मग आक्षेप उरतो काय? फ्रान्सच्या ग्रामीण भागांत अशा वाटा पुष्कळ आहेत आणि त्या सहकुटुंब प्रवासास कितपत योग्य आहेत, हें प्रस्तुत सदरांत सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

तिकडे या वाटेस ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे हिरवी वाट असें नांव आहे. हें नुसतें कौतुकाचें नांव नव्हे. सन २००४ मध्यें फ्रान्सच्या वाहतूक-नियमांत तिची व्याख्या घालण्यांत आली: यंत्रावर चालणाऱ्या वाहनांस मज्जाव, पादचारी, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांचीच ती वाट. मात्र ‘व्हेलोरूत’ हा शब्द आढळल्यास वाचकांनीं सावध असावें. तो दूर पल्ल्याचा, खुणा लावलेला सायकलमार्ग. त्याचा कांहीं भाग हिरव्या वाटेनें जातो, तर कांहीं भाग साध्या, कमी वर्दळीच्या रस्त्यानें. ल्वार नदीकांठचा सुमारें नऊशें किलोमीटरांचा सुप्रसिद्ध मार्ग या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो सुंदर खरा, पण त्यावर मोटार मुळींच भेटणार नाहीं अशी कल्पना करून आजींना घेऊन जाणें बरें नव्हे.

या वाटा आल्या कोठून? बहुतेक दोन ठिकाणांहून: बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गांवरून आणि कालव्यांच्या कांठावरून. १८७८-७९ च्या सुमारास फ्रेसिने नामक मंत्र्यानें लहानसहान गांवेंही लोहमार्गानें जोडण्याची प्रचंड योजना आंखली. रूळ पडले, स्टेशनें उभीं राहिलीं. पुढें मोटारी व लॉऱ्या आल्या आणि विसाव्या शतकांत त्यांतील शेंकडों मैलांवर गवत उगवलें. ज्या मोटारीनें आगगाडीस हांकलून दिलें, तिलाच आज त्या मार्गावर बंदी आहे, हा काळाचा न्याय आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

अशा पहिल्या वाटांपैकीं एक बर्गंडी प्रांतांत, सोन-ए-ल्वार जिल्ह्यांत, जिव्री ते क्लूनी अशी सुमारें ४४ किलोमीटरांची, १९९७ मध्यें खुली झाली. आगगाडीचें इंजिन तीव्र चढ चढूं शकत नाहीं, म्हणून जुन्या इंजिनियरांनीं टेंकड्या कापून व भराव घालून मार्ग जवळजवळ सपाट ठेविला. त्यांचे ते श्रम आज साठी उलटलेल्या गुडघ्यांच्या कामीं येतात. दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे, कुरणांत पांढऱ्या गाई, जागोजागीं फाटकवाल्याचें टुमदार घर. वाटेवर कोर्मातँ येथें सतराव्या शतकांतील वाडा आहे. शेवटीं क्लूनी. तेथील मठाची स्थापना ९१० सालची. १०८८ मध्यें आरंभिलेलें तेथील मंदिर रोमचें सेंट पीटर होईपर्यंत ख्रिस्ती जगांत सर्वांत मोठें होतें. राज्यक्रांतीनंतर तें विकलें गेलें आणि घेणारांनीं त्याचे दगड काढून खपविले. उरलेला मनोरा पाहून मूळ इमारतीचा अंदाज बांधावा लागतो. आपल्याकडील ओसाड वाड्यांचे चौथरे पाहिलेल्या माणसास तेथें फार समजावून सांगावें लागणार नाहीं. क्लूनीच्या पुढें वाट सोळाशें मीटर लांबीच्या बोगद्यांतून जाते; हिंवाळ्यांत तो वटवाघळांच्या निद्रेसाठीं बंद ठेवितात!

कालव्यांपैकीं दक्षिणेकडील ‘कनाल द्यू मिदी’ची कथा तर स्वतंत्र लेखाची आहे. प्येर-पॉल रिके हा मिठावरील कराचा वसुली अधिकारी. भूमध्य समुद्र अटलांटिकच्या बाजूस जोडावा या ध्यासानें त्यानें १६६६ मध्यें राजाची परवानगी मिळविली आणि पुढें पदरचें द्रव्यही त्यांत ओतलें. नोरूझच्या माथ्यावर पाणी आणावयाचें कोठून, हा खरा प्रश्न होता. तो त्यानें डोंगरांतील ओढे अडवून व मोठें धरण बांधून सोडविला. १६८० मध्यें तो वारला आणि कालवा १६८१ मध्यें सुरू झाला. सुमारें २४० किलोमीटर लांबीच्या या कालव्यास १९९६ मध्यें जागतिक वारशाचा मान मिळाला. तुलूझहून निघाल्यावर पहिले जवळजवळ पन्नास किलोमीटर वाट गुळगुळीत आहे. पुढें मात्र पुष्कळ ठिकाणीं माती, खडे आणि वर आलेलीं झाडांचीं मुळें लागतात. लहान मुलांच्या सायकलीस तें जड जातें.

या मुळांचीच आतां चिंता आहे. कालव्याच्या कांठीं एकोणिसाव्या शतकांत लाविलेल्या चिनारांच्या जातीच्या वृक्षांची संख्या ४२,००० च्या आसपास होती. २००६ मध्यें तेथें एका बुरशीचा रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लांकडी खोक्यांतून ती युरोपांत आली असें मानतात. पाण्यावाटे व मुळांमुळांतून ती पसरते. तिजवर औषध नाहीं. रोगी झाड तोडून जाळावें लागतें. अशीं हजारों झाडें गेलीं. जागीं ओक आदि दुसऱ्या जातींचीं रोपें लाविलीं आहेत, पण ज्या गर्द सांवलीचीं चित्रें पाहून मंडळी जातात, ती सांवली कित्येक ठिकाणीं आज नाहीं. जुलै-ऑगस्टच्या उन्हांत म्हाताऱ्या माणसांनीं तिकडे न जाणेंच बरें. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम.

आतां जेवणाखाण्याचें. सायकलप्रवासाचा फ्रान्समधील आद्य पुरस्कर्ता पॉल द विव्ही (१८५३-१९३०) हा ‘वेलोसिओ’ या नांवानें प्रसिद्ध. तो शाकाहारी होता हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस बरें वाटेल! मूठभर चाकांचे दांते बदलून चढ सुसह्य करण्याच्या युक्तीचा त्यानें जन्मभर पुरस्कार केला. मोठमोठे घाट चढणारा हा पुरुष साँत-एत्येन शहरांत, सायकल हातीं धरून चालत असतां, एक मोटार चुकवितांना ट्रामखालीं सांपडून गेला.

त्याच्या देशांत शाकाहारानें राहणें कठीण नाहीं, पण बेत हवा. खेड्यांतील दुकानें दुपारीं बारा-साडेबारास बंद होतात, तीं दोन-तीन तासांनीं उघडतात. रविवारीं दुपारनंतर आणि सोमवारीं बहुधा नाहींच. म्हणून सकाळींच बेकरींतून पाव, जोडीस फळें व चीज बांधून घ्यावें. सूपांत मांसाचा रस असूं शकतो, तें विचारून घ्यावें. पाण्याची सोय मात्र अशी कीं, ती ऐकून आजी कानांवर हात ठेवतील: तिकडील सायकलस्वार गांवाच्या दफनभूमींतील नळावर बाटल्या भरतात! ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असल्यास तें पिण्याजोगें नव्हे. सोंवळ्याचा प्रश्न ज्यानें त्यानें सोडवावा. आम्ही एवढेंच म्हणतों कीं उन्हांत तहान मोठी असते.

बारा वर्षांखालील मुलांस शिरस्त्राण २०१७ पासून सक्तीचें आहे. हिरवी वाट जेथें रस्ता ओलांडते तेथें मोटारी असतात; दिवसभर निर्धास्त राहिलेलें मूल नेमकें तेथेंच बेसावध असतें. एक वडील माणूस पुढें आणि एक मागें, हा क्रम मोडूं नये.

ज्यांना सायकल जमतच नाहीं त्यांच्यासाठीं मिदी कालव्यावर भाड्याची नाव मिळते. ती चालविण्यास परवाना लागत नाहीं. घटकाभर शिकवून नाव हवालीं करतात. वेगाची मर्यादा तासीं आठ किलोमीटर, शिवाय वाटेंत पाणी वरखालीं करणारे दरवाजे, आणि तेही दुपारच्या जेवणास बंद. म्हणजे आजी-आजोबा, स्वयंपाकाचीं भांडीं व सामान नावेंत, आणि मुलें, सुना, नातवंडें कांठावरून सायकलीवर असा प्रवास करतां येतो. हिंवाळ्यांत नौकानयन बंद असतें. नाव बेझिएजवळ फोन्सेरानच्या पायऱ्यापायऱ्यांच्या दरवाजांतून उतरूं लागली म्हणजे नातवंडें कांठावर तासभर आधींच येऊन बसलेलीं असतात.